ऑफिसच्या गेटवर चेहरा स्कॅन करणं सक्तीचं केलंय. हे योग्य आहे का?

सक्ती चुकीचीच. कार्ड हरवलं तर नवं मिळतं, पासवर्ड बदलता येतो. चेहरा कुठून बदलून आणणार? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं कलम ७ नोकरीच्या कारणांसाठी संमतीशिवायही माहिती वापरू देतं, त्यामुळे 'कायद्यात बसतं' एवढ्यावर गप्प बसू नका.

भोसरीत आमच्याकडे सफाईच्या मावशींना मशीन रोज दोन-तीनदा नाकारायचं. पदर मागे सारून, मान वर करून त्या उभ्या, मागे शिफ्टची रांग. आणि उशीर झाला म्हणून अर्धा दिवस कापला जायचा तो त्यांचाच! फार वाईट वाटायचं.

एचआरला लेखी विचारा: चेहऱ्याची माहिती कुठे साठवता, नोकरी सोडल्यावर कधी पुसता, कार्डाचा पर्याय देता का? मावशींना शेवटी कार्ड मिळालं, पण तीन महिने भांडल्यावर.