बर्फ वितळल्यावर ट्राउट मासा गळाला का लागत नाही?

प्रश्न : तळ्यावरचा बर्फ नुकताच वितळलाय. मोठी स्ट्रीमर फ्लाय (लहान माशासारखं दिसणारं नकली आमिष) टाकून भराभर ओढतो, पण ट्राउट लागत नाही. काय चुकतंय?

उत्तर : वेगही आणि खोलीही. पाणी ४ ते ७ अंश सेल्सियस असताना ट्राउट सुस्त असतो, पळत्या फ्लायमागे सहसा धावत नाही. या दिवसांत त्याचं मोठं खाद्य म्हणजे तळाच्या चिखलातून वर येणारे कायरोनोमिड या डासासारख्या छोट्या कीटकाचे कोश. म्हणून १२ ते १६ नंबरच्या गळावरची काळी किंवा गडद लाल प्यूपा फ्लाय (त्या कोशाची नक्कल) इंडिकेटरखाली, म्हणजे दोरावर सरकवता येणाऱ्या तरंगत्या खुणेखाली, टांगा.

खोली अंदाजाने ठरवू नका, इथेच बहुतेकांचा दिवस वाया जातो. फ्लायला वजनासाठी चिमटा अडकवून तळाला टेकेपर्यंत सोडा. दोर ताठ धरून इंडिकेटर पाण्याच्या पातळीवर आणा, मग तिथून ३० सेंटिमीटर फ्लायकडे सरकवा. आता चिमटा काढून फ्लाय टाका आणि ओढू नका; लाटांचं हेलकावणं पुरेसं आहे. गार पाण्यातला ट्राउट हिसका देत नाही, तोंडात घेऊन लगेच थुंकतो. इंडिकेटर नुसता थबकला किंवा कलला, तरी रॉड उचला.

पहाटेची घाई नको. दुपारी गडद तळाचे, १ ते ३ मीटर खोलीचे उन्हातले भाग आधी तापतात, तिथे बसा.