जिप्सीला दोन इंची बॉडी लिफ्ट केली. गियरचा दांडा कापून लांब करून घेऊ का?

नको. निदान सुरुवात तिथून नको.

तुम्ही लिहिलंय की बॉडी उचलायला चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ५० मिमीचे स्पेसर (ठोकळे) टाकल्यापासून चौथा आणि रिव्हर्स नीट पडत नाहीत, फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गियर) अधूनमधून सुटतो, मूठ खाली गेल्यासारखी वाटते आणि सातपूरचा एक वेल्डर दोन्ही दांडे, गियरचा आणि फोर-लोचा, दोन इंचांनी वाढवून द्यायला तयार आहे. मूठ खाली जाणं ही गैरसोय. गियर पूर्ण न पडणं हा बिघाड. दांडा वाढवला की गैरसोय जाईल, बिघाड तसाच राहील. नाशकात लिफ्ट केलेल्या निम्म्या गाड्यांवर हाच उलटा इलाज होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

दांडा गियरबॉक्सवरच्या बॉलभोवती फिरतो. बॉल चासीबरोबर खालीच राहिला आणि फ्लोअर ५० मिमी वर गेला. समजा, फ्लोअरचं भोक आधी बॉलपासून ८० मिमीवर होतं, तर आता ते १३० मिमीवर आलं. बॉलपासून जितकं वर जाल तितका दांड्याचा झोका मोठा, त्यामुळे त्याच भोकात दांड्याला आता १.६ पट जागा लागते. त्यात दांडा १५ अंश मागे कललेला असेल तर फ्लोअरच्या पातळीवर तो आणखी १३ मिमी मागे दिसतो. म्हणून मागे पडणारे गियर आधी कुरकुरतात. दांडा पत्र्याच्या कडेला टेकतो, गियर सरकवणारा सिलेक्टर शेवटपर्यंत जात नाही, गियर जागी धरणारी डिटेंटची गोळी खाचेत बसत नाही. अडतंय ते खाली. मुठीकडून लांबी वाढवून तिथे काहीही बदलत नाही.

ट्रान्सफर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या आणि फोर-लो असलेल्या डब्याचं, दुखणं याहून वाईट. अशीच लिफ्ट केलेली एक जिप्सी त्र्यंबकहून मोखाड्याकडे जाताना कच्च्या उतारावर फोर-लोमधून सुटली. ट्रान्सफर केस न्यूट्रलला आली की इंजिनचा ब्रेक संपला. मेन गियर पहिल्यात असला तरी चाकांना त्याची खबर नसते. सगळा भार पायाच्या ब्रेकवर. त्या गाडीचा दांडा आधीच दोन इंचांनी वाढवलेला होता आणि वेल्डिंगही चांगलं होतं. दांड्याभोवतीचा रबरी बूट काढून फोर-लो टाकला तर दांडा पत्र्याला चिकटलेला, कागदही जाईना. भोक मोठं केलं, दांडा मोकळा झाला, तरी जोर पडला की लो सुटायचाच. कारण तोवर गियरला जोडणारी सरकती कडी, म्हणजे स्लीव्ह, अर्धवट अडकूनच गाडी चालली होती. तिच्या आणि गियरच्या एकमेकांत अडकणाऱ्या दातांच्या (डॉग टीथ) फक्त टोकांवर भार येत राहिला आणि टोकं गोल झाली. गोल दात एकमेकांना धरत नाहीत, ढकलून देतात. शेवटी केस उघडून स्लीव्ह आणि गियर दोन्ही बदलावे लागले. पत्र्याच्या एका कडेसाठी एवढं.

म्हणून आधी तपासणी. दोन्ही बूट काढा. प्रत्येक गियर टाकून दांडा आणि पत्रा यांच्यातलं अंतर बघा. उभ्या गाडीवर १५ मिमी तरी हवं, कारण जोर पडला की इंजिन माउंटिंगवर पिळतं आणि दांडा सोबत जातो. जिप्सीत ट्रान्सफर केस गियरबॉक्सपासून वेगळी, स्वतःच्या रबर माउंटिंगवर लटकते. तिची रबरं फाटली असतील तर ती वेगळीच पिळते. मग कितीही मोठं भोक करा, पुरणार नाही. रबरं आधी बदला, मापं नंतर घ्या.

माप घ्यायला भोकाभोवती पुठ्ठा चिकटवा, सगळ्या गियरमध्ये दांड्याची कड त्यावर आखा आणि बाहेरून १५ मिमी वाढवून कापायची रेघ मारा. खाली हात घालून वायर, केबल, पाइप आणि पत्र्याची मजबुतीची पट्टी कुठे आहे ते बघा. पट्टी कापायची नाही. ग्राइंडरने कापलं की कड घासून दुमडा किंवा भोकाभोवती ५ मिमीची सळी वेल्ड करा, नाहीतर पत्रा थरथरून चिरतो. मग प्रायमर, सीलंट, रंग. इगतपुरीच्या पावसात फिरणार असाल तर उघडी कड एका मोसमात गंजते. बूट उंच आणि ढगळ घ्या. ताणलेला बूट दांड्याला हळूहळू परत ओढतो, आणि लो सुटायला तेवढंही पुरतं. गियरबॉक्सवरचा आतला रबर बूट मात्र जागेवरच हवा, नाहीतर चिखल थेट बॉलवर जातो.

एवढं झाल्यावर मूठ खाली वाटलीच तर लांबी वाढवा, पण कापून नाही. मुठीच्या आट्यांवर बसणारी जोडणी लेथवर करून घ्या: ईएन८ पोलादाचा १९ मिमी षटकोनी बार, एका टोकाला आत आटे, दुसऱ्या टोकाला बाहेर. आटे एम८ आहेत, एम१० की एम१२, आणि पिच किती, हे गेजने मोजा, अंदाजाने नको. व्यासाच्या दीडपट तरी आटे आत जाऊ द्या, खाली चेकनट आणि थ्रेड लॉक. बॉलच्या वर ३०० मिमी, खाली ६० मिमी असेल तर मूठ ५० मिमी हलायची, ती ३५० झाल्यावर ५८ मिमी हलेल. हाताला गियर हलका लागेल, पण तोच हात आता सिलेक्टर फोर्कवर जास्त जोर लावतोय हे ध्यानात ठेवा.

वेल्डिंग करायचंच असेल तर दांडा बाहेर काढूनच. गाडीवर टाका मारला तर बॉलखालची प्लास्टिकची वाटी वितळते, आणि दांड्यात रबराचा जोड असेल तर तोही जळतो. टोकाला टोक जोडलेला दांडा वेल्डच्या शेजारी तुटतो. बाहेरून नळीची स्लीव्ह घाला, दोन्ही बाजूंनी २५ मिमी, आणि तिला भोकं पाडून तीही वेल्डने भरा. वाकवायचा तर लालसर तापवून, मोठ्या गोलाईत, हवेत थंड करा. पाण्यात बुडवू नका, कडक होऊन तुटेल.

आता तो जुना वाद: ‘पत्रा कापला की गाडीची किंमत पडते, त्यापेक्षा दांडा वाकवा.’ वाकवलेला दांडा भोकातून जाताना वाकडा नसतो. बाक वर असतो, अडचण खाली. भोकाची सुबक चौकट आणि नवा बूट पाहून गिऱ्हाईक गाडी नाकारत नाही. ट्रायलला गियर सुटला तर नाकारतो. दुसरे म्हणतात, ट्रान्सफर केसच स्पेसर टाकून उचला. गियरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामधला जिप्सीचा शाफ्ट तोकडा आहे, थोड्या उचलीनेही त्याचा कोन झपाट्याने बदलतो आणि त्याच्या सांध्यातला क्रॉस खातो.

गाडीत बदल करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघून ठेवा. कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे, आणि विम्याचा दावा अडू शकतो. स्टिअरिंगचा जोड, क्लच केबल आणि ब्रेकचा होज ताणला नाही ना, हे दांड्याआधी बघा. आणि हे सगळं बॉडी लिफ्टपुरतं. नुसती सस्पेन्शन लिफ्ट असेल तर फ्लोअर आणि गियरबॉक्स यांच्यातलं अंतर बदलतच नाही. तिथे दांडा अडायला लागला तर ग्राइंडर उचलू नका, माउंटिंग आणि क्रॉसमेंबर तपासा.