मार्चमध्ये अमेरिकेतलं सव्हाना (जॉर्जिया) की चार्ल्सटन (साउथ कॅरोलिना), पायी फिरायला कुठे बरं?

दीड दिवसच आहे आणि पायीच फिरायचंय तर डोळे झाकून सव्हाना. जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक जेम्स ओगलथॉर्प याने १७३३ मध्ये गाव वसवलं तेच चौक आखून, पुढे ते २४ झाले आणि त्यातले २२ अजून आहेत, बहुतेक छोट्या बागांसारखे, त्यामुळे दोन-तीन मिनिटांवर सावली नि बसायला बाक मिळतोच, वर ओकच्या फांद्यांवरून स्पॅनिश मॉस जटांसारखं लोंबत असतं (नाव मॉस, पण आहे अननसाच्या कुळातलं!). बुल स्ट्रीट धरून सरळ फोर्साइथ पार्कला जा, १८५८ चं कारंजं तिथेच. वाटेत जोन्स स्ट्रीटला वळाच, विटांची घरं, उंच जिने, लोखंडी कठडे. अझेलियाची फुलझाडं साधारण मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात भरात असतात. चार्ल्सटन पण भारीय, फक्त तिथल्या बऱ्याच बागा भिंतीआड, फाटकातून डोकवावं लागतं.