बी रुजत नाही? आधी ते किती जुनं आहे ते सांगा

जून लागला की तेच ते प्रश्न येतात. त्यातले काही इथे एकत्र घेतले आहेत.

जांभळाच्या एका बीतून दोन रोपं आली. बी खराब आहे का?

नाही. जांभळात असं होतंच. जोमदार रोप ठेवा, दुसरं काढा.

बहावा उगवतच नाही. बी ॲसिडमध्ये बुडवायचं असं ऐकलं.

ॲसिड घरात आणू नका. बहाव्याचं कवच टणक, पाणी आत शिरत नाही एवढंच. बीची एक कड पॉलिश पेपरवर घासा, आतला फिकट भाग दिसला की थांबा आणि बी रात्रभर भिजवा. फुगलेलं पेरा, तसंच राहिलेलं पुन्हा घासा.

मोह, जांभूळ, कडुनिंबाचं बी कडक वाळवून डब्यात ठेवलंय. १५ ऑगस्टला वाटलं तर चालेल ना?

नाही चालणार. बाभूळ, खैर टिकतात म्हणून सगळीच बियाणी टिकतात, ही ऐकीव गोष्ट दरवर्षी किती बियांचा जीव घेते! मोह आणि जांभळाच्या बीचा जीव ओलाव्यात असतो. वाळलं की संपलं. घरी ठेवलेलं कडुनिंबाचं बी दोन-तीन आठवड्यांत उतरणीला लागतं. डब्यातलं मोहाचं एक बी सुरीने कापून बघा: गर सुकून तपकिरी झाला असेल तर सीडबॉल (मातीच्या गोळ्यात घातलेलं बी) करून उधळलंत तरी मातीच उधळाल. झाडाखाली अजून टोळंबी, म्हणजे मोहाची फळं, पडत असतील तर ताजी वेचा, फळाचा गर काढा, बी त्याच दिवशी पिशवीत पेरा. समारंभ बीच्या तारखेने ठरवा, बी समारंभाच्या तारखेने नको. वाटायचीच हौस असेल तर पुढच्या पावसाळ्यात रोपं वाटा. पिशवी, माती, सावली याबद्दल वनविभागाच्या रोपवाटिकेत विचारून घ्या. तुमच्या गावची माती मी पाहिलेली नाही.

नर्सरीत सीता अशोकाचं उंच रोप स्वस्तात मिळालं. खरं असेल?

बहुतेक आसुपालव, म्हणजे खोटा अशोक, गळ्यात मारलाय. लांब, सुटं, लाटदार कडेचं पान असेल तर नक्कीच. सीता अशोकाचं पान संयुक्त असतं, म्हणजे एका देठावर अनेक पानं दिसतात, कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती. 'अशोक' एवढंच लिहून खपवायची ही जुनी युक्ती आहे. पैसे देण्याआधी फांदीचा फोटो जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवायचा होता. आता तरी दाखवा.

जंगलातून बी आणलं तर?

आधी वनरक्षकाला विचारा. अभयारण्य असेल तर परवानगीशिवाय हातही लावू नका.