गाताना हात थांबव

प्रिय,

परवाचं तुझं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. हात तयार आहे, सूर पक्के आहेत. पण तू गात असतानाही गिटार बोलतच राहते, आणि मग दोघांपैकी कुणाचंच नीट ऐकू येत नाही.

अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंगचा 'लाइव्ह ॲट द रीगल' हा अल्बम लाव. 21 नोव्हेंबर 1964, शिकागोचं रीगल थिएटर. जेमतेम 35 मिनिटं आहेत, एका बैठकीत ऐक. हा माणूस गाताना वाजवत नाही. ओळ संपली की मग ल्यूसील बोलते. ल्यूसील म्हणजे त्याची गिटार. 1949 च्या थंडीत आर्कान्सातल्या ट्विस्ट गावी किंग वाजवत असताना दोन माणसांची मारामारी झाली, उबेसाठी पेटवलेलं रॉकेलचं पिंप सांडलं, आग लागली. सुखरूप बाहेर आलेला किंग गिटारसाठी पुन्हा आत धावला. भांडण ज्या बाईवरून झालं, तिचं हे नाव.

त्यातलं 'हाऊ ब्लू कॅन यू गेट' हे गाणं मात्र पुन्हा पुन्हा ऐक. आधी तो लोकांना सांगतो, शब्दांकडे लक्ष द्या. गाण्यातल्या बाईला नवी फोर्ड दिली तर तिला महागडी कॅडिलॅक हवी. साथीदार एकेक ठोका देऊन थांबतात, ओळ मोकळ्यावर पडते. शेवटी सात मुलांची ओळ येते: मी तुला सात मुलं दिली, आता तीही परत करायला निघालीस! सगळं थिएटर ओरडतं. तिथे गिटार असती, तर ती ओरड उठलीच नसती.

आणि सूर कसा धरतो ते बघ. नात्यातल्या बुका व्हाइट या गिटारवादकाची स्लाइड, म्हणजे तारांवर नळी घसरवत वाजवणं, त्याला जमेना, म्हणून डावा हात थरथरवून त्याने तो आवाज काढला. तार ओढून सूर चढवतो तेव्हा मींड ऐकणाऱ्या आपल्या कानाला तो लगेच जवळचा वाटतो.

तुझ्या वयात मी एका ऑर्केस्ट्रात होतो. तालमीत गायिकेने माझ्या तारांवर तळवा ठेवला. "मी श्वास कुठे घेऊ?" म्हणाली. तो तळवा मला अजून आठवतो.

या आठवड्यात एकच कर. आवडीच्या गाण्याची एक ओळ म्हण, उजवा हात मांडीवर ठेवून. मग तीनच सुरांत तिला उत्तर दे. पुढची ओळ म्हणताना हात परत मांडीवर. रविवारपर्यंत रेकॉर्ड करून पाठव, चुका काढून न टाकता.

तुझा,
सर