दवबिंदू कुंडीत का मरतं आणि केंदाळ का मरत नाही

प्रश्न : मसाई पठारावरून सप्टेंबरमध्ये दवबिंदूची (किडे खाणारं एक लहानसं झाड) चार रोपं मातीच्या ढेकळासकट आणली. कुंडीत शेणखत घालून लावली, रोज नळाचं पाणी दिलं. पंधरा दिवसांत पानांवरचे चिकट थेंब गेले आणि महिन्याभरात रोपं काळी पडली. काय चुकलं? (वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर : जवळजवळ सगळंच, पण सगळ्यात आधी शेणखत. मसाईचा सडा, म्हणजे सपाट उघडा कातळ, जांभ्याचा. कातळावर मातीचा थर जेमतेम, आणि पन्हाळ्याकडचा पाऊस त्यातलं नत्र-स्फुरद धुऊन नेतो. जमिनीतून मिळत नाही म्हणून दवबिंदू किडे धरून नत्राची सोय करतं. त्याची मुळं केसासारखी, मुख्यतः पाणी ओढण्यापुरती. खतातले क्षार लागले की ती करपतात. नळाच्या आणि त्याहून जास्त बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार कुंडीतच साठत राहतात. पानावरचे थेंब नाहीसे होणं ही मुळं गेल्याची, ऊन कमी पडल्याची किंवा हवा फार कोरडी असल्याची खूण. हे थेंब म्हणजे दव नव्हे. ते पानावरच्या ग्रंथींतून स्रवलेला चिकट रस असतात.

आणि समजा यातलं काहीच चुकलं नसतं, तरी रोपं पाऊस सरल्यावर गेलीच असती. आपल्याकडचं दवबिंदू एका हंगामाचं आहे. फुलतं, बी टाकतं, मरतं. सप्टेंबरमध्ये उपटलेलं रोप म्हणजे पुढच्या वर्षीचं बीही उपटलं. पठारावरून पुन्हा आणू नका. राधानगरीसारख्या अभयारण्यात तर वनस्पती उपटणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे.

हौस असेल तर रोपवाटिकेत वाढवलेल्या झाडाचं बी घ्या. कोकोपीट आणि धुतलेली बारीक वाळू समप्रमाणात घ्यावी. कोकोपीट तीन-चार वेळा भिजवून पाणी टाकून द्यायचं, कारण नारळाची सोडणं बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात. वाळूवर लिंबू पिळून पाहा. फसफसली तर तिच्यात चुना आहे, ती नको. कुंडी प्लास्टिकची, १० सेंमीची. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून उडतं आणि काठावर क्षाराचा पांढरा थर धरतो. कुंडी ताटलीत ठेवून ताटलीत १ ते २ सेंमी पाणी कायम राहू द्या. पाणी पावसाचं, पण पहिल्या एक-दोन सरी छत धुऊन जाऊ द्याव्यात. नाहीतर आरओचं चालेल. मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ५० च्या खाली हवा. बी वर नुसतं भुरभुरायचं, माती ओढायची नाही, त्याला उजेड लागतो. उगवायला महिना किंवा जास्तही लागतो. पुढे पाच-सहा तास थेट ऊन द्या. पानावर मटणाचा तुकडा ठेवून गंमत पाहायला जाऊ नका, पान सडतं. चिलटं आपोआप येतात.

पठारावरच्याच सीतेची आसवं या दुसऱ्या कीटकभक्षी झाडाच्या वाटेला मात्र कुंडी घेऊन जाऊच नका. त्या झाडाला खरी मुळं नसतात. ओल्या मातीत टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात, त्याच सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. उपटताना त्या तुटतात.

प्रश्न : ‘ब्राह्मी’ म्हणून तीन रोपवाटिकांतून तीन वेगळीच रोपं मिळाली. खरी कोणती? (वाचक, शिरोळ)

उत्तर : दोन खरी, तिसरं बहुतेक शोभेचं. पान मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडा कंगोरेदार, देठापर्यंत खाच, वेल पेराला मुळं धरत पसरणारा : ही मंडूकपर्णी. महाराष्ट्रात बरेच जण हिलाच ब्राह्मी म्हणतात. पानं जाड, चमच्यासारखी, एक-दोन सेंमीची, समोरासमोर आणि चवीला कडू, फूल फिकट पाच पाकळ्यांचं : ही नीरब्राह्मी. पान छत्रीसारखं गोल, खाच नाही आणि देठ मधोमध जोडलेला असेल, तर ते मत्स्यालयात लावायचं झाड. तेलाला, चटणीला वापरू नका.

नीरब्राह्मीची ८-१० सेंमीची काडी दोन पेरं चिखलात जातील अशी खोचा. तळाला भोक नसलेल्या टबात वर २-३ सेंमी पाणी ठेवा. जिथं म्हशी धुतल्या जातात त्या काठाची ब्राह्मी कच्ची खाऊ नये. गोगलगायींमार्फत यकृतकृमी अशा पानांवर येऊ शकतात. सांडपाण्याच्या नाल्याकाठची तर शिजवूनही नको.

प्रश्न : गावतळ्यातलं केंदाळ (जलपर्णी) दर वर्षी काढतो, दर वर्षी परत येतं. तणनाशक मारावं का? (वाचक, करवीर तालुका)

उत्तर : नको. सगळं केंदाळ एकदम मेलं की तळाशी कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे उताणे पडतात. शिवाय त्याच्या कुजण्यातून खत परत पाण्यातच उतरतं.

परत येण्याची कारणं दोन. एक, त्याचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. म्हणून जांभळी फुलं यायच्या आधी काढायचं. फुलं आल्यावरची मोहीम म्हणजे पुढच्या वर्षाची पेरणी झाल्यावरची. दुसरं, गावाचं सांडपाणी आणि उसाच्या रानातून वाहून येणारा युरिया. दवबिंदूला जे मारतं त्यावरच हे पोसतं. नाल्याचं तोंड न वळवता कितीही ट्रॉल्या भरा, पंधरवड्यात दुप्पट होईल. निदान तळ्याच्या वरच्या अंगाला एक खड्डा खणून त्यात पाणी आधी थांबवा.

काढताना वाऱ्याने एका काठाला जमलेलं आधी ओढा आणि तुटलेले धुमारे चाळणीने वेचा. एका तुकड्यापासून पुन्हा जाळं होतं. ढीग काठाला लावू नका, पहिल्या पावसात परत आत. ओल्या केंदाळात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून चार-पाच दिवस सुकवून मग शेणाच्या थरांबरोबर खड्ड्यात कुजवा. फुलं आलेलं असेल तर ते खत रानात चालेल, तळ्याकाठी नको.

प्रश्न : कमळ आणि कुमुदिनी कशी ओळखायची? (वाचक, कळंबा)

उत्तर : पान पाहा. अखंड गोल, पाण्याच्या वर उभं आणि त्यावर थेंब मोत्यासारखा घरंगळतो, ते कमळ. पान पाण्यावर तरंगतं आणि देठाशी चिरलेलं, ती कुमुदिनी.