नवीन बंगल्यात वायरचे मोशन आणि डोअर सेन्सर कुठले घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मखमलाबादला बंगला बांधताय, विटकाम संपत आलंय, प्लास्टर व्हायचंय. घर स्मार्ट करायचं आहे, पण दर वर्षी सेल बदलत बसायचं नाही, म्हणून वायरचे मोशन आणि डोअर सेन्सर कुठल्या कंपनीचे घ्यावेत.

कंपनी सगळ्यात शेवटी ठरवा. आत्ता पाइप कुठे टाकायचे आणि वायर कुठली ओढायची ते ठरवा. सेन्सर पुढे कधीही बदलता येतो, पण पुट्टी-रंग झाल्यावर भिंतीला खाच मारायला घरातलं कुणी परवानगी देत नाही. मी नाशिकमध्ये सीसीटीव्ही आणि अलार्मचं वायरिंग करतो. त्यात बघतो की लोक आधी ॲप बघून सेन्सर पसंत करतात आणि मग त्याला पाइपच नसतो.

सेन्सर घ्यायचा तो जितका मठ्ठ तितका चांगला. म्हणजे आत वायफाय नको, ॲप नको. १२ व्होल्ट डीसीवर चालणारा, आत साधा रिले (विजेवर उघड-बंद होणारा छोटा स्विच) असलेला आणि ‘एनसी’ संपर्क देणारा, म्हणजे सगळं शांत असताना सर्किट जोडलेलं आणि हालचाल झाली की तुटणारं. असा सेन्सर कुठल्याही अलार्म पॅनलला, म्हणजे सगळ्या सेन्सरच्या वायरी जिथे येतात त्या मुख्य डब्याला जोडता येतो, होम असिस्टंट (घर स्मार्ट करायचं मोफत सॉफ्टवेअर) चालवणाऱ्यांच्या ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डालाही जोडता येतो, आणि दहा वर्षांनी जे काही नवीन निघेल त्यालाही. हुशारी सगळी पॅनलच्या डब्यात ठेवा. तो डबा बदलला तरी भिंतीतलं काही हलत नाही.

तुमच्या वायरमनला नुसतं ‘मोशन सेन्सर’ सांगितलंत तर तो दुकानातून जिन्यातला दिवा लावणारा, छताला बसवायचा २३० व्होल्टचा सेन्सर आणेल. तो थेट बल्ब चालू-बंद करतो, पॅनलला जोडायला त्याचा उपयोग नाही. ‘अलार्मचा पीआयआर, १२ व्होल्टचा’ असं स्पष्ट सांगा. पीआयआर म्हणजे उष्णतेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर.

आता दरवाजे. डोअर सेन्सर म्हणजे चौकटीत रीड स्विच (चुंबक जवळ आला की जोडला जाणारा छोटा स्विच) आणि झडपेत लोहचुंबक, बस्स. लाकडी चौकट असेल तर आत बसवायचा, बाहेरून न दिसणारा प्रकार घ्या. चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडात, बिजागरीच्या विरुद्ध टोकाकडे भोक पाडायचं आणि वायर मागून पाइपात उतरवायची. हे चौकट उभी करण्याआधी सुताराकडून करून घेतलेलं बरं, कारण मुख्य दाराची चौकट एकदा पूजा होऊन बसली की त्या सागवानाला ड्रिल लावायला सुतारही कां-कू करतो. तुमच्या चौकटी बसल्या असतील तर प्लास्टरआधी मागच्या बाजूने अजून जागा मिळते.

सेन्सर घेताना अंतर बघा. पाकिटावर किती मिलीमीटर फटीपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आटतं, दार थोडं खाली उतरतं. काठावर चालणारा सेन्सर मग मध्यरात्री उगाच दार उघडल्याचं सांगतो. लोखंडी सेफ्टी डोअर, ग्रिल किंवा पार्किंगचं शटर असेल तर साधा सेन्सर चालत नाही, लोखंड चुंबकाचं क्षेत्र खाऊन टाकतं. त्यासाठी मोठ्या अंतराचा, धातूच्या आवरणातला जाड प्रकार मिळतो, तोच लावा. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना ही अडचण नाही.

आणि रेझिस्टरबद्दल, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणाऱ्या छोट्या सुट्या भागाबद्दल, कारण हे बहुतेक जण सोडून देतात. समजा दसऱ्याला तोरणासाठी कुणी चौकटीत खिळा ठोकला आणि तो नेमका वायरमधून गेला. दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या तर पॅनलला दार कायमचं बंदच दिसणार. दार सताड उघडं असलं तरी. वायर तुटली तर निदान कळतं, शॉर्ट झाली तर कळतच नाही. म्हणून सर्किटच्या शेवटी, सेन्सरपाशी, पॅनलवाल्याने सांगितलेल्या किमतीचा रेझिस्टर लावतात. मग पॅनल तीन गोष्टी वेगळ्या ओळखतं: रेझिस्टर दिसला तर दार बंद, काहीच दिसलं नाही तर दार उघडं किंवा वायर तुटली, आणि सरळ शॉर्ट दिसला तर वायरमध्ये गडबड. काही कारागीर सोय म्हणून सगळे रेझिस्टर पॅनलच्या डब्यातच लावून मोकळे होतात. दिसायला सगळं चालू दिसतं, पण भिंतीतल्या वायरची राखण शून्य. जोडणीच्या दिवशी समोर उभे राहा आणि हे बघून घ्या.

मोशन सेन्सरचं काम उष्णतेवर चालतं. पीआयआर स्वतः काही सोडत नाही, अंगाची आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक त्याच्या समोरून सरकला की पकडतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक, माणूस त्याच्याकडे सरळ चालत आला तर त्याला उशिरा कळतं, आडवा गेला तर लगेच. म्हणून दारासमोर नाही, तर दारातून येणारा आडवा जाईल अशा कोपऱ्यात, सात-साडेसात फुटांवर बसवा. दोन, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वरच्या मजल्याच्या भिंती तापून अंगाइतक्याच गरम होतात, तेव्हा फरकच उरत नाही आणि सेन्सर मंदावतो. तापमानानुसार संवेदनशीलता जुळवून घेणारा, म्हणजे ‘टेंपरेचर कॉम्पेन्सेशन’ असलेला मॉडेल घ्या. गच्चीच्या जिन्यात तर हवाच.

पश्चिमेच्या खिडकीसमोर पीआयआर नको, ऊन आणि हलणारा पडदा मिळून त्याला फसवतात. देवघर त्याच्या नजरेत असेल तर जागा बदला. एका घरात रोज संध्याकाळी हॉलचा दिवा आपोआप लागायचा, घरात कुणी नसताना नंदादीप तेवढा तेवत असायचा आणि वाऱ्याने ज्योत हलली की सेन्सरला ती हालचाल वाटायची. पाल हा दुसरा शत्रू. ती सेन्सरच्या भिंगावरूनच फिरते, आणि इतक्या जवळून तिची हालचाल त्याला माणसाएवढी दिसते. मुंग्या तर वायरच्या भोकातून आतच शिरतात. वायर आत घेतल्यावर ते भोक सिलिकॉनने बंद करा. पार्किंगसारख्या उघड्या जागी पीआयआर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही असलेला सेन्सर घ्या. दोघांना एकदम पटलं तरच तो बोलतो, त्यामुळे खोटे इशारे कमी होतात.

बाथरूम आणि अभ्यासाच्या खोलीत पीआयआर त्रास देतो. माणूस स्थिर बसला की दिवा जातो. तिथे श्वासाची हालचालही टिपणारा २४ गिगाहर्ट्झचा रडार सेन्सर उपयोगी. पण आपल्या घरांत छताला पंखा असतोच, आणि पंख्याचं पातंही त्याला हालचालच दिसते. म्हणून तो छताला न लावता भिंतीवर, पंख्याच्या कक्षेबाहेर.

वायर कुठली? सरळ तांब्याची कॅट६, म्हणजे नेटला वापरतात ती आठ तारांची वायर ओढा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर बाजारात भरपूर आहे, ती नको. आठ तारा मिळतात: दोन १२ व्होल्टला, दोन रिलेला, दोन टॅम्परला (सेन्सरचं झाकण कुणी उघडलं तर कळवणाऱ्या स्विचला), दोन पुढच्यासाठी. एक पीआयआर १०-१५ मिलीॲम्पच्या आसपास खातो, त्यामुळे ३० मीटरवरही व्होल्टेज गळतीची काळजी नाही. प्रत्येक सेन्सरची वायर स्वतंत्र, थेट पॅनलपर्यंत. ‘चार खिडक्या एकाच लूपमध्ये घेऊ, वायर वाचेल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, मग कुठली खिडकी उघडी आहे हे कधीच कळणार नाही. लाइटच्या पाइपात या वायरी घालू देऊ नका, वेगळा पाइप आणि फूटभर अंतर. दोन्ही टोकांना नावं लिहा आणि प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचे टेप लावून फोटो काढा.

पॅनल जिन्याखाली किंवा कोरड्या कपाटात ठेवा, तिथे एक लाइटचा पॉइंट आणि एक नेटचा. सोबत १२ व्होल्ट ७ ॲम्पियर-अवरची बॅटरी. दहा-बारा सेन्सर आणि बोर्ड मिळून २०० मिलीॲम्प धरले तर लाइट गेली तरी दिवसभर सहज निघतो. आपल्या उन्हाळ्यात ती दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते.

आता कंपनी. मुख्य हेतू चोरीपासून सुरक्षा असेल तर नावाजलेल्या कंपनीचं वायरचं अलार्म पॅनल घ्या आणि ते होम असिस्टंटला जोडता येतं का हे आधी विचारा. फक्त दिवे-पंखे आपोआप चालवायचे असतील तर ईथरनेटवाला (वायफायऐवजी नेटच्या वायरीवर चालणारा) ईएसपी३२ बोर्ड पुरतो, पण वरचा रेझिस्टरचा खेळ साध्या इनपुट बोर्डाला सहसा कळत नाही, हे लक्षात ठेवून निवडा. मी तुमच्या जागी असतो तर पॅनलवर खर्च केला असता आणि वरच्या मजल्याच्या ग्रिल असलेल्या खिडक्यांना सध्या सेन्सर न लावता नुसती वायर आणून बॉक्स झाकून ठेवला असता.